बफ न मारलेला सांधा

तपासणीला आलेल्या वेल्डिंगच्या सांध्याला मी हात लावत नाही. तो सांधा ज्या नमुन्याच्या पट्टीवर असतो तिच्या कापलेल्या कडा एमरी पेपरने घासायच्या, तेलाचा डाग ॲसिटोनने पुसायचा, वजन करायचं आणि पट्टी फेरिक क्लोराइडच्या तांबूस द्रावणात बुडवायची. गंजून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात की नाही, ते त्यात कळतं. सांधा मात्र कारखान्यातून आला तसाच ठेवायचा. अमरावतीच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत हे काम माझ्याकडे आहे, आणि या बाबतीत मी कुणाच्या बापाला भीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याचा एक कारखानदार स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या घेऊन आला. वरूडच्या संत्र्यांचा रस साठवायची टाकी तो बनवत होता, आणि तिच्या सांध्यांचा नमुना म्हणून टाकीसोबतच या पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. सांध्यावर खरखरीत ओरखडे होते आणि एका खाचेत काहीतरी लाल. नखाने उकरून पाहिलं तर कुंकू.

"पयल्या वेल्डिंगची पूजा करतो आमी," तो म्हणाला. "मंग ब्रशानं घासून टाकलं."

"कोनत्या ब्रशानं?"

"गेट-ग्रील घासतो थोच. तारेचा."

मी कपाळावर हात मारला. लोखंडी तारेने स्टेनलेस घासलं की लोखंडाचा कीस त्यात रुतून बसतो आणि तिथूनच गंज धरतो.

"अन् टाकी आतून कायनं घासली?"

"त्यानंच. सांधा काळा पडला होता ना." माझा चेहरा पाहून तो जरा नरमला. "ताई, पट्ट्यायवर जरासा बफ मारून द्या. चकचकीत होऊन जातीन."

"टाकीले आतून मारता काय बफ?"

"आतून कोन पाह्यते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात केबिनमधून आमचे सर आले. "घासून घ्या मॅडम, गिऱ्हाईक जुनं आहे," ते म्हणाले. मी पॉलिशिंगचं मशीन चालू केलं, ॲप्रन काढून त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "तुम्ही घासा, सर. पण मग अहवालावर सहीही तुमचीच." सर परत केबिनमध्ये गेले. मी मशीन बंद केलं आणि पट्ट्या होत्या तशा द्रावणात सोडल्या.

बाहेर काढल्या तेव्हा सांध्याच्या दोन्ही अंगांना भोकं पडली होती, किडक्या ज्वारीला असतात तशी. अहवाल घ्यायला तो स्वतः आला. आधी आमचं केमिकलच लय कडक आहे म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "तुमचं माहेर वरूडचं हाय म्हणे. म्हणून अडून राहिल्या काय?"

"माहेराचं नका काढू. तो रस दिल्लीचा मानूस पेला असता तरी बफ नसता मारला."

त्याने एक पट्टी उचलली आणि भोकांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे आता सारी टाकी आतून साफ करा लागन," तो म्हणाला.

"लागनच. अन् ब्रश नवा घ्या, स्टेनलेसचा. पूजा कराचीच तं आधी त्याची करा."