गंजोबांचं फाटक

दंतवैद्यांना कवळ्या करून देणं हा गंजोबांचा धंदा. नवा दात पांढराशुभ्र झाला तर तो खोटा वाटतो, म्हणून त्यावर चहाचा, वयाचा आणि थोड्या हलगर्जीपणाचा पिवळेपणा चढवावा लागतो. बत्तीस वर्षं नव्याला जुनं करत आलेल्या या माणसाला मॉडेल क्लबात सगळे गंजोबा म्हणत. प्लास्टिकवर गंज चढवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

क्लब म्हणजे वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमणारे सहा पुरुष. इटुकली विमानं, रणगाडे, युद्धनौका टेबलावर मांडायच्या आणि एकमेकांच्या चुका प्रेमाने काढायच्या. सहापैकी एकानेही जन्मात कुणावर हात उगारला नव्हता, पण टेबलावर एक खंड बेचिराख होईल एवढी शस्त्रं असत. वर्षातून एकदा एक मॉडेल निवडलं जाई आणि खाली वाचनालयातल्या काचेच्या कपाटात कायमचं जाऊन बसे. अकरा वर्षांत गंजोबांचं एकही गेलं नव्हतं. या वेळी जाणार, असं त्यांनी बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं की ती आता ‘हं’सुद्धा म्हणत नसे.

या वेळी त्यांनी फाटक आणलं होतं. स्वतःच्या घराचं, दोन दारांचं लोखंडी फाटक, पस्तीस पटींनी लहान. चौदा महिने त्यात गेले. डावं दार कायम बंद असायचं; त्याच्या बोल्टाखालून ओघळलेला तांबूस डाग असा उतरला होता की बोट लावलं तर बोटाला लागेल. त्या डागापायी खरं फाटक रंगवायला त्यांनी बायकोला बंदी घातली होती. “नमुना आहे तो,” म्हणायचे. एकदा त्या गंजाने तिचं मनगट चिरलं, इंजेक्शन घ्यावं लागलं. तेव्हाही त्यांनी आधी डाग पुसला गेला नाही ना, ते पाहिलं होतं.

अध्यक्ष बँकेत सह्या ताडून पाहण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. त्यांना भिंग म्हणत. त्यांनी फाटकावर भिंग धरलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं.

“डाग तिरका आहे.”

“आहेच.”

“पाणी सरळ खाली वाहतं, गंजोबा. तुमच्या घरी त्याला वेगळा नियम लावलाय का?”

“मूळ फाटकावर तसाच आहे. फोटो दाखवू?”

“फोटो! अहो, तुम्ही लोकांच्या तोंडात खोटे दात बसवून त्यांना खऱ्यासारखं हसायला लावता. तुमच्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार?”

सगळे हसले. गंजोबांचे कान लाल झाले.

“मग घरी चला. आत्ता. दोन गल्ल्यांवर तर आहे. डाग तिरका निघाला तर मॉडेल कपाटात.”

“तिरका निघाला आणि बाकीचंही तंतोतंत असलं, तर,” भिंग म्हणाले.

सहा पुरुष रस्त्याने निघाले. गंजोबा पुढे, तळहातांवर फाटक. समोरून आलेल्या सायकलवाल्यावर सहाही जण एकदम ओरडले, “जपून!”

घराचं फाटक हिरवंगार होतं. ओलं. स्टुलावर बसून रंगारी ब्रश पुसत होता आणि पायरीवर बायको उभी होती.

“अगं, हे काय केलंस?”

“तुम्ही घरात असताना करता आलं असतं का? दुसऱ्या रविवारची वाट बघत होते.”

भिंगांनी रंगाऱ्याला विचारलं, “या दारावर डाग होता?”

“होता की. सकाळभर तोच घासत होतो.”

“सरळ की तिरका?”

“तिरका. मीच बाईंना म्हटलं, हा असा कसा?”

गंजोबांचा चेहरा असा उजळला की जणू डागच परत आला.

“पण तिरका का?” भिंग हटेनात.

चौदा महिने गंजोबांनी डाग पाहिला होता. का, असं कधी मनात आलं नव्हतं.

“अहो, दार खाली बसलं होतं तेव्हाचा आहे तो,” बायको म्हणाली. “दार कललेलं, ओघळ सरळ. मग कडी लागेना, म्हणून मी दार उचलून खाली वीट सारली. दार सरळ झालं, डाग तिरका झाला. तीन वर्षं झाली त्याला.”

बाराही डोळे आधी विटेकडे गेले, मग मॉडेलकडे.

“वीट कुठाय?” भिंगांनी विचारलं.

“ती... ती काही फाटकाचा भाग नाही.”

“मग फाटक कशावर उभंय?” हे बायकोने विचारलं.

भिंगांनी भिंग मिटून खिशात घातलं. “बाईंचं बरोबर आहे. कपाटात युद्धनौका जाईल.”

मंडळी पांगली. मॉडेल पायरीवर ठेवून गंजोबा विटेपाशी उकिडवे बसले, खिशातली पट्टी तिला लावून पाहिली. नीट मोजता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी वीट ओढून काढली. दार कण्हत खाली बसलं आणि कडीपाशी वरपासून खालपर्यंत नवा रंग खरवडून निघाला. आत लोखंड चकाकलं.

“आधी ती वीट ठेवा जागेवर!” बायको ओरडली.

गंजोबा खरवडलेल्या रेघेवर वाकले होते.

“थांब,” ते म्हणाले, “याला हात लावू नकोस.”