पडद्यावरच्या ठिणग्या

आमच्या घरात कुणी तिकीट काढून सिनेमा बघितला नाही. मावशी थिएटरात डोअरकीपर होती आणि काका तिथेच ऑपरेटर. म्हणजे मावशी अंधारात लोकांना जागेवर बसवायची आणि काका वरच्या केबिनमधून त्यांना हसवायचा-रडवायचा. हातातल्या बॅटरीमुळे सगळे तिला बॅटरीमावशी म्हणत. उशिरा येणाऱ्याच्या पायाशी ती उजेडाचा गोल टाकायची आणि पुटपुटायची, "या, तुमच्यासाठीच थांबवलं होतं सगळं." पुढच्या खुर्चीवर पाय ठेवणाऱ्याच्या तर थेट तोंडावर बॅटरी. भलेभले मुकाट पाय खाली घ्यायचे.

कॉलेज सुटलं की मी दुपारच्या खेळाला तिच्या स्टुलाजवळ पायरीवर जाऊन बसायची. खुर्च्यांच्या जुन्या रेग्झिनचा वास, पायाखाली चुरचुरणारी शेंगांची टरफलं, आणि डोक्यावरून पडद्याकडे जाणारा तो धुळकट प्रकाशाचा पट्टा. हल्लीच्या थिएटरांत मला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. रीळ बदलायला जरा उशीर झाला की पडदा पांढरा व्हायचा, पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि मावशी खालून ओरडायची, "अहो, झोपलात का?" सगळं थिएटर हसायचं. त्यांचा संसार असा चारचौघांत चालायचा.

फक्त एका गोष्टीबद्दल ते बोलत नसत. ती मला मावशीनेच सांगितली, एका पडेल सिनेमाच्या खेळाला, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

माझ्या जन्माआधी मावशीला दिवस गेले होते. पोटातलं बाळ पक्कं सिनेमावेडं. मारामारीचा ढोल वाजला की लाथा सुरू. "हिरोपेक्षा जोरात मारायची," मावशी म्हणाली. आठवा महिना लागला आणि पाय सुजले, चपला बसेनात. डोकं ठणकायला लागलं. सगळे म्हणाले, दिवसभर उभी असतेस, होणारच. मग तिला पडद्यावर ठिणग्या दिसायला लागल्या. चंदेरी, वळवळणाऱ्या. तिने वर जाऊन काकाला फैलावर घेतलं, "मशीन साफ करा तुमचं. हिरॉइनच्या तोंडावर काजवे नाचतायत." काकाने भिंग पुसलं. दुसऱ्या दिवशी परत तीच तक्रार. त्याने अख्खं मशीन खोललं, कापसाने एकेक चाक पुसलं. तरी ठिणग्या जाईनात. पब्लिकमधून कुणाचीच तक्रार येत नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. जन्म अंधारात काढलेली माणसं, काही चुकलं तर ती आधी मशीनकडेच बघणार.

मग एका दुपारी ढोल वाजला आणि पोटात काही हललं नाही. सासू म्हणाली, "शेवटी शेवटी जागा कमी पडते गं. निवांत असतं बाळ." मावशीला पटवूनच घ्यायचं होतं, म्हणून पटलं. ती कुशीवर निजली, थंड पाणी प्यायली, पोटावर हात ठेवून बाळाला दटावून झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली, तेव्हा ठोके लागले नाहीत.

कळा मात्र सगळ्या सोसाव्या लागल्या. मुलगी होती, एवढंच तिला सांगितलं. "तोंड बघू नकोस, माया लागेल," असं म्हणून बायकांनी बाळ कपड्यात गुंडाळून काकाच्या हातात दिलं. "माया लागेल म्हणे! इतके महिने काय भाडेकरू म्हणून ठेवली होती मी तिला?" इतक्या वर्षांनी सांगतानाही मावशी चिडली होती. मग दूध आलं. प्यायला कुणी नाही, हे छातीला कोण सांगणार? शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं की हिचे कपडे भिजायचे. होईल दुसरं, असं जो तो म्हणाला. झालं नाही.

"मला दुसरं काही नको गं," ती म्हणाली. "ती दिसायला कशी होती, एवढं कळलं पाहिजे. आमच्यातल्या एकाच माणसाने बघितलंय तिला."

"मग काकाला विचार ना सरळ."

"विचारलं होतं. जिना चढून केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं."

पुढे थिएटर बंद पडलं. तिथे आता गोडाऊन आहे. काका घरात बसून न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायला लागला. माझं लग्न झालं, मलाही दिवस गेले, आणि आठव्या महिन्यात मी चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेले. चेहरा आणि पाय सुजले होते. भोपळा झालेय नुसता, असं म्हणून मीच हसत होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना डोकं ठणकत होतं. म्हटलं, "काका, तुमची ट्यूब बघा ना. केव्हाची लुकलुकतेय."

काकाला तेवढंच हवं होतं. स्टुलावर चढून त्याने स्टार्टर फिरवला, ट्यूब पुसली. "आता?"

"अजून आहे. कडेला ठिणग्या उडतायत बघा."

काका स्टुलावर तसाच थांबला. त्याने ट्यूबकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मग मावशीला म्हणाला, "तुला दिसतात का गं?"

"नाही," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ट्यूबला काही झालेलं नाही. चपला घाल," काका खाली उतरत मला म्हणाला.

"चहा तरी संपवू दे..."

"चहा गेला खड्ड्यात! ऊठ म्हणतो ना!"

काकाचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दवाखान्यात माझा रक्तदाब बघून डॉक्टरीणबाईंनी पुढचं काही विचारलंच नाही. लगेच ऑपरेशन झालं. मुलगा झाला. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवावा लागला, पण रडला. तो आवाज ऐकून मग मी झोपले.

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडले होते. टाके दुखत होते, बोलायचं त्राण नव्हतं. मावशी आणि काका बाळाला काचेतून बघून आले आणि खाटेशेजारच्या बाकावर बसले. मी झोपलेय असं त्यांना वाटलं असावं. मग काका बोलला.

"आपल्या मुलीला केस जास्त होते."

मावशी त्याच्याकडे वळली.

"काळेभोर. कपाळावर चिकटले होते, ते मी मागे सारले. नाक तुझं. हनुवटी माझ्या आईची. मी भिंग पुसत बसलो गं. तुला घेऊन जायचं सोडून भिंग पुसत बसलो. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"मीच सांगितलं होतं पुसायला," मावशी म्हणाली. "पुढे सांगा."

"पुढे काय. तिच्या मुठीत बोट घालून बघितलं. वाटलं, धरेल."

मी डोळे उघडले नाहीत, पण उशी भिजली. मावशीने विचारलं, "कुठलं बोट?"

काकाने हात पुढे केला. मावशीने ते बोट मुठीत घट्ट धरलं, आणि भेटायची वेळ संपली म्हणून नर्स पुन्हा पुन्हा सांगून गेली तरी सोडलं नाही.