हेल्मेटच्या मागचा पट्टा

नव्वदच्या सुमारास पनवेलला आमच्या कॉलनीत नागरी संरक्षणाचं पथक निघालं. जवळच बंदर, आजूबाजूला कारखाने. युद्ध झालंच तर लोकांना बाहेर काढायला प्रत्येक इमारतीत वॉर्डन हवा, असं शिकवायला आलेल्या साहेबांनी सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईतली काळी लोखंडी हेल्मेटं आली. पुढच्या बाजूला पांढरं अक्षर, वॉर्डनला डब्ल्यू, आग विझवणाऱ्याला एफ. बायकांना सरसकट प्रथमोपचाराचं. मी हट्टाने डब्ल्यू मागितला.

"वहिनी, हे बायकांचं काम नाही," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांनी मधला मार्ग काढला. सरावात इमारत नीट रिकामी केलीत तर हेल्मेट तुमचं, नाहीतर परत. मी इरेला पेटले.

घरी नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि त्याला जिना उतरायला लावला. मागून बघते तर नुसतं काळं डोकं. अक्षर पुढे, आणि लोक तर मागून येणार. खिडकीच्या ग्रिलसाठी आणलेल्या ऑइलपेंटने मी मागे चार बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाशेजारी हेल्मेट मांडलं. तिळगूळ देताना एकेकीला बजावलं, हा पट्टा दिसला की घरच्यांना घेऊन त्याच्यामागे निघायचं. बायकांची हसून पुरेवाट झाली, पण पट्टा लक्षात राहिला.

सरावाच्या संध्याकाळी भोंगा झाला, दिवे गेले. मी पुढे, मागे अख्खी इमारत. मासळी विकायला आलेली मावशीसुद्धा टोपलीसकट रांगेत शिरली.

"पट्टा दिसतो मना, तुमी चला पुढं," ती म्हणाली.

मैदानात माणसं मोजली, एकही कमी नव्हतं. सेक्रेटरी वॉर्डन असलेली इमारत मात्र कुठेच दिसेना. मागून बाकीची सगळी हेल्मेटं सारखीच, त्यामुळे त्यांची माणसं आग विझवणाऱ्याच्या मागे लागली होती आणि सरावासाठी पेटवलेल्या टायरांपाशी जाऊन उभी होती. मला इतका आनंद झाला की तो लपवायचंही सुचलं नाही.

साहेबांनी माझं हेल्मेट फिरवून पाहिलं आणि तिथेच जाहीर केलं, यापुढे प्रत्येक वॉर्डनला असा पट्टा, आणि पुढच्या सरावाला सगळी कॉलनी या बाईंच्या मागे.

त्या सरावाला मी सगळ्यांत पुढे होते. माझ्या पाठोपाठ, पट्ट्यावरून नजर न हलवता, सेक्रेटरी चालत होते.