दाजींची बाकी

दाजींच्या तावडीतून सुटलेली संख्या या जगात असेलच, तर ती अजून कुणी लिहिलेली नसणार. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, मलकापूरचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. कुणाला भजनाचा नाद असतो, कुणाला तंबाखूचा, यांना भागाकाराचा. गाडीची पाटी असो की कुणाचा मोबाइल नंबर, त्याचे अवयव पाडल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नाही. जिला भाग जातो ती संख्या त्यांच्या लेखी लेकुरवाळी. एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद देत नाही ती मूळ संख्या, बिचारी एकलकोंडी. माझ्या भाचीची, म्हणजे त्यांच्याच लेकीची, सुपारी फुटायची वेळ आली तरी होणाऱ्या जावयाचा मोबाइल नंबर काही फुटेना, तेव्हा हा माणूस पंगतीत नुसता घास चिवडत बसला होता. "पोरगं चांगलं हाय गड्या, पर नंबर लय एकटा हाय," मला हळूच म्हणाले. पुढे सातच्या भागाकारात आपलीच चूक निघून नंबर फुटला, तेव्हा त्यांनी गल्लीभर कंदी पेढे वाटले. व्याह्यांना वाटलं, मुलगा पसंत पडला.

फोनवर बोलणं संपत आलं की आपण सगळेच "बाकी काय?" म्हणतो. उत्तर कुणालाच नको असतं. दाजी मात्र देतात. त्या दिवशी हातात असलेल्या आकड्याला भागून जे उरलं असेल ते सांगतात, "बाकी चार," आणि फोन ठेवतात.

मागच्या वर्षी आक्काच्या हृदयाचं ऑपरेशन सांगलीत ठरलं. मी विश्रामबागेत राहतो, म्हणून दोघं माझ्याकडेच उतरली. दवाखान्यात तिला नंबर मिळाला ७२०७२१. आक्काला आत नेलं आणि दाजी बाकावर बसून भागायला लागले. दोननं भागलं, बाकी एक. तीननं, बाकी एक. चार, पाच, सहा करत सोळापर्यंत गेले, तरी दरवेळी एकच उरला. ते माझ्याकडे वळले.

"दोघातलं एकच ऱ्हातंय, गड्या."

मी समजूत घातली. म्हटलं, याच्या अलीकडच्या ७२०७२० ला या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून इथे एक उरणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण झालं उलटंच. नंबर घेताना जतच्या एका म्हाताऱ्याला दाजींनीच आपल्या पुढे सोडलं होतं.

"म्हंजी तिचा नंबर म्याच दिला की त्याला," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मीही कागद मागून घेतला आणि सतरापासून पुढच्या मूळ संख्यांनी भागायला लागलो. बाकी आता एक येत नव्हती, पण भागही जात नव्हता. शेवटी दाजींनी एकाहत्तर लावला आणि काहीच उरलं नाही. तेवढ्यात डॉक्टर बाहेर येऊन सांगायला लागले, ऑपरेशन नीट झालं. ते पुरतं ऐकून न घेताच दाजींनी त्यांच्यापुढे कागद धरला. "एकाहत्तरनं गेला सायेब." डॉक्टरांनी तो कागद खालीवर करून पाहिला.

आता मलकापूरला फोन केला की सवयीनं मी शेवटी "बाकी काय?" विचारतोच. पूर्वीसारखा आकडा येत नाही. दाजी आधी स्वयंपाकघरात भांडं वाजतंय का, ते ऐकत असावेत. मग म्हणतात, "बाकी तुजी आक्का हाय." तेवढं ऐकल्याशिवाय मलाही फोन ठेववत नाही.