साडूने घातलेला नावांचा ढीग

नमुना घेतल्याशिवाय जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, असा बाणा असलेला माणूस उभ्या गोव्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजला की बाकीचे लोक गोल उंडे घेतात आणि घरात जातात. हा एक उंडा मोडतो, त्याचा वास घेतो, बोटाने आतला मऊ भाग दाबतो, तो वर येतो का बघतो आणि मगच बाकीचे चार घेतो. पदेरही इतका सरावलेला आहे की तो सायकल स्टँडवर लावूनच थांबतो. याच्या लग्नात जेवणावळ बसायच्या आधी नवरदेव मुंडावळ्यांसकट आचाऱ्याच्या मागे उभा राहून चणाडाळीच्या रसातला एक चमचा खालून, एक मधून आणि एक वरून असा चाखत होता. मी तेव्हाच बायकोला म्हटलं होतं की तुझ्या धाकट्या बहिणीने नवरा कसा का निवडला असेना, तिच्या नवऱ्याने मात्र तिला अनेक बाजूंनी तपासून घेतलेलं असणार.

यात त्याचा फारसा दोष नाही. ऐन उमेदीची चौदा वर्षं त्याने डिचोलीकडच्या एका खाणीवर मातीचे नमुने काढण्यात घालवली. ट्रकांनी ओतलेला लाल ढीग कसा आहे हे ठरवायची त्यांची एक पद्धत असते. ढिगातली थोडी थोडी माती सगळीकडून उचलायची, कालवायची, तिचा छोटा ढीग घालायचा, तो वरून चपटा करायचा आणि त्याचे चार वाटे करायचे. समोरासमोरचे दोन वाटे फेकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. शेवटी ओंजळभर माती उरते आणि ती सगळ्या ढिगाची साक्ष देते. खाण बंद पडली तेव्हा त्याच्यासारखे कितीतरी जण घरी बसले. हा धारगळला आपल्या घरी परतला आणि तिथल्या दूध संस्थेत लागला. आता तिथे येणाऱ्या प्रत्येक कॅनमध्ये नळी बुडवून दुधाचे नमुने काढतो. लाल कपडे जाऊन पांढरे आले, एवढाच फरक.

मेहुणीला दिवस राहिले तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला आणि कुणीच तो मोठ्याने बोलून दाखवला नाही. चार वर्षांपूर्वी असाच आनंद आम्ही मोठ्याने केला होता. तेव्हा मेहुणीने चौथ्याच महिन्यात नाव ठरवलं होतं आणि ते नवऱ्याखेरीज कुणाला सांगत नव्हती, फक्त पोटाशी बोलताना घ्यायची. सातव्या महिन्यात ते मूल गेलं. त्यानंतर तिने नोकरी केली, घर केलं, सणवार केले, हसली-बोलली, पण मुलाच्या नावाचा विषय निघाला की उठून आत जायची. शेजारपाजारच्या बारशांनाही जाईनाशी झाली. म्हणून या खेपेला साडूने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. बाळाला लागणाऱ्या वस्तू तो बघणार, नावही तोच ठरवणार, तिला कशाचाही त्रास द्यायचा नाही, असं त्याने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे नावांच्या खात्यात माझी नेमणूक झाली. त्या माणसाच्या हातात हे काम गेल्यावर पुढे काय होणार आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत. साडूने ही चाल मोडली नाही, फक्त तिच्या कडेकडेने वाट काढली. "ही खरेदी न्हय भाऊ, हो नमुनो," असं म्हणून त्याने म्हापशापासून पेडण्यापर्यंतच्या औषधांच्या दुकानांतून जे जे मिळेल ते एकेक गोळा केलं. एक साबण, एक तेल, एक पावडर, एक लंगोट. साबण सात प्रकारचे निघाले, तेव्हा त्याने डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेनने एक ते सात आकडे घातले आणि रोज आंघोळीला प्रत्येक आकड्याखाली त्या त्या नंबरचा साबण लावला. पाचव्या नंबरवर पुरळ उठलं. दूध संस्थेत कॅन घेऊन येणाऱ्या बायकांना तो बाही वर करून ते पुरळ दाखवायचा आणि त्या बिचाऱ्या आपल्या दुधात काही दोष निघाला की काय म्हणून घाबरायच्या. तयार लंगोटांची परीक्षा तर त्याने दुधाच्या मापाने घेतली. कुणात किती पाणी मुरतं, किती वेळाने गळतं आणि मुरल्यावर वरून हात लावला तर ओल लागते का, याची वही केली. शेवटी त्याने जुन्या धोतराचे चौकोन कापले, तेही त्याच रांगेत बसवले, आणि ते तिसरे आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आपल्याच गावचा पोर शर्यतीत आल्याचा आनंद होता.

बाबागाडीची चाचणी मी डोळ्यांनी पाहिली. ती त्याने एका मित्राकडून मागून आणली होती आणि रिकामी ढकलायची नाही म्हणून आत एक मोठा भोपळा ठेवून त्याला दुपट्यात गुंडाळला होता. घरापासून देवळापर्यंतच्या रस्त्यावर तो गाडी ढकलत निघाला आणि दर खड्ड्यापाशी थांबून भोपळा हलला का ते वाकून बघायला लागला. समोरून येणारी एक म्हातारी थांबली. तिने कौतुकाने दुपट्याकडे बघत विचारलं, "कोणाचेर गेलां रे भुरगें?" याने शांतपणे दुपटं बाजूला केलं. म्हातारी पदर सावरत निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या धारगळला ही बातमी पोचली. घरी मेहुणीच्या कानावरही गेली. मी तिला म्हटलं, जरा आवर गं याला. ती म्हणाली, "भावोजी, करूंदी तांकां. हात रिकामे रावले जाल्यार माणूस भियेता."

नावांचं प्रकरण याहून वरचं होतं. नाव म्हणजे साबण नव्हे, त्याची परीक्षा कशी घ्यायची? साडूने आठ दिवस विचार केला आणि ठरवलं की नाव हाक मारण्यासाठी असतं, तेव्हा ते हाक मारूनच तपासायचं. त्यासाठी त्याला जागा सापडली ती थेट हमरस्ता. रस्त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हातात यादी घेऊन तो, आणि मधून ट्रक आणि बसगाड्या. ऐकू आलं तर मी हात वर करायचा. भर दुपारी चाळिशीचा माणूस "शाल्मलीऽऽ" असा टाहो फोडतो आहे आणि पलीकडे एक मास्तर हात वर करतो आहे, हे बघून लोकांनी काय समजावं? नारळपाणीवाल्याने मला फुकट नारळ दिला, यावरून तो काय समजला ते मला समजलं. सगळं बरं चाललं होतं, पण "अनघा" अशी हाक गेली आणि एक बाई स्कूटर करकचून थांबवून त्याच्याकडे वळली. "कित्याक हाक मारता रे? वळखता माका?" साडूने यादी पुढे केली आणि तिला विचारलं, "ह्या नांवान तुमकां केन्ना कसलो त्रास जाला?" ती पाच मिनिटं बोलत होती. त्याने ते सगळं लिहून घेतलं.

मेहुणीला माहेर असं आता उरलेलं नाही, सासू-सासरे दोघंही गेले, म्हणून बाळंतपण आमच्याकडे डिचोलीला झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. साडू धारगळहून आला, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि माझ्या बायकोने मुलगी त्याच्या हातात दिली. चौदा वर्षं ढिगांचा आणि दोन वर्षं दुधाचा अंदाज घेतलेल्या त्या माणसाला तिचं वजन सांगता आलं नाही. मी विचारलं तर त्याने तिला आणखी जवळ घेतलं. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी बाहेर जाऊन उगाच झाडांना पाणी घातलं.

बारसं बाराव्या दिवशी. अकराव्या दिवशी दुपारी तो प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या मागच्या पडवीत आला. पिशवीत तीनशे बारा चिठ्ठ्या होत्या. एवढी नावं तपासून झाली तरी एकावरही त्याचं मन बसलं नव्हतं, आणि आता त्याच्याजवळ एकच उपाय उरला होता. त्याने माझ्या बायकोकडून सूप मागितलं. चिठ्ठ्या सुपात ओतल्या, दोन्ही हातांनी कालवल्या, ढीग घातला, तळहाताने चपटा केला आणि फूटपट्टीने त्याचे चार वाटे केले. समोरासमोरचे दोन वाटे उचलून बाजूच्या बादलीत टाकले. बायको ओरडली, "अरे, बरीं बरीं नांवां उडयलीं मरे!" तो म्हणाला, "ताई, नमुन्यांत सगळ्यांचो अंश येता." पुन्हा कालवलं, पुन्हा ढीग. त्याचे हात इतके सफाईने चालत होते की मी गंमत करायची विसरलो. शेवटी सुपात चार चिठ्ठ्या राहिल्या. अनिता, सुनीता, वनिता आणि पूजा.

नावं वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्यांतलं दुसरं माझ्या बायकोचंच आहे. पण तीच पहिली बोलली. "म्हणजे उरतात तीं सगळ्यांत बरीं न्हय. ढीग कसो आसा तितलेंच कळटा." साडूने चारही चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. ज्या पद्धतीवर त्याने आयुष्य काढलं तिच्यात ही खोट आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त आजपर्यंत त्याला सगळ्यांतलं चांगलं कधी शोधावंच लागलं नव्हतं. मग तो हळू म्हणाला, "खणीर आमी बरो दगड सोदीनासले. निवडूंक माका कोणी शिकोवंकच ना, भाऊ."

मी म्हटलं, तिलाच विचार की. तो एकदम आवाज खाली करून म्हणाला, "ना, ना. तिका नांवाची गजाल काडूंक जायना. एकदां तिणें निवडलें आनी तें तिचेकडेन उरूंक ना. परत तिका तो भार दिवंक माका जायना. चुकलें जाल्यार म्हजें चुकूंदी." एवढं बोलून त्याने चारही चिठ्ठ्या खिशात घातल्या. तो गेल्यावर मी सूप आत न्यायला उठलो आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. पडवीला लागूनच बाळंतिणीची खोली आहे आणि तिची खिडकी उघडी होती.

बारशाला साडूची थोरली बहीण इब्रामपूरहून सकाळच्या बसने आली. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. बायका जमल्या, दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्यात झोपवून झाला, मग मुलीला ठेवलं. आत्या पाळण्यावर वाकली आणि तिने भावाकडे हात केला. "सांग रे बाबा, कानांत कितें सांगूं? कितलो वेळ वाकून रावूं?" साडूने खिशातून चिठ्ठ्या काढल्या. त्याने एक वर घेतला, खाली घातला, दुसरा वर घेतला.

"तीं कागदां बोल्सांत दवरात," मेहुणी त्याच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाली. "नांव आसा म्हजेकडेन."

चार वर्षांत 'नांव' हा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता. ती पाळण्याशी आली, नणदेच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "दुर्वा. जल्मली त्या दिसासावन हांव तिका दुर्वाच म्हणटां." आत्याने कानात सांगितलं, बायकांनी घुगऱ्या वाटायला घेतल्या, एकच गलका झाला. माझ्या बायकोने मला कोपर मारून सांगितलं की हे नाव चिठ्ठ्यांत होतं आणि पहिल्याच वाट्यात बादलीत गेलं होतं. साडूने मात्र काहीच विचारलं नाही. हे कसं सुचलं, कुणाचं आहे, हाकेला कसं वाटतं, एक प्रश्न नाही. तो पाळण्याच्या पायाशी खाली बसला, दोरी हातात धरली आणि मुलीकडे बघून ते नाव दोन-तीनदा उच्चारलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. आम्ही चौघंच उरलो होतो आणि मुलगी झोपली होती. मेहुणीने तिचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "भावोजी, त्या भुरग्याचें नांव तुमकां केन्नाच सांगूंक ना न्हय?" आणि तिने ते सांगितलं. पहिल्या बाळाचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती रडली नाही. साडूने तिचा हात हातात घेतला आणि आपणही ते नाव घेतलं, दबकत, सवय नसल्यासारखं. इतकी वर्षं ते दोघांनी एकमेकांसमोरही कधी घेतलं नव्हतं. फार छान नाव आहे. इथे मात्र मी ते लिहीत नाही, ते त्यांचं आहे.