आक्कासमोर वाचलेली चार प्रकरणं

सोलापूर शहरातील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत कथालेखक एकेकाळी कादंबरी लिहायला बसला होता! आज नवी पेठेत ताज्या शेंगाचटणीचा वास आला आणि ती दुपार आठवली.

दिवाळी अंकांत कथा लिहून माझा हात बसला होता. कादंबरीसाठी मी ऑफिसातून दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. रजेचा शेवटचा आठवडा उरला, तरी पाचवं प्रकरण सुरू होईना. वैतागून वही उचलली आणि शुक्रवार पेठेत थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेलो.

आक्का खलबत्त्यात शेंगदाणे, लसूण, तिखट कुटत होती. मी आवाज चढवून-उतरवून वाचू लागलो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी नायकाचे वडील विहिरीत पडले, तेव्हा तिचा बत्ता थांबला. दुसऱ्याच्या शेवटी नायिकेला साप चावला. तिसऱ्यात नायकाचा मित्र गेला, चौथ्यात खुद्द नायक. तोवर बत्ता थांबायचा बंद झाला होता. कथांच्या सवयीने प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का दिल्याशिवाय मला लेखणी खाली ठेवताच येत नसे!

"सहा आठवडे डोकं आपटतोय, आक्का," मी वही फेकत ओरडलो, "पुढचं काही म्हणजे काही सुचत नाही!"

पुढे जे ऐकलं, त्यावर मी चहा न घेता निघालो होतो. आज वाटतं, एवढी नेमकी समीक्षा मला परत मिळाली नाही.

तिखटाचा हात तसाच वर धरून आक्का म्हणाली, "सुचंल कसं रे? पुढं काही करायला जित्तं कोण ठेवलायस का तू?"