अगत्तीचा मुऱ्हाळी

दारव्ह्याच्या सत्यशीलाबाईंची दोन्ही लेकरं बेटांवर होती. थोरली प्रियंका नवऱ्याच्या नोकरीपायी अंदमानात, पोर्ट ब्लेअरला. धाकटा धम्मरत्न लक्षद्वीपात, अगत्तीच्या विमानतळावर आग विझवायच्या गाडीवर. तिथं आग कधी लागत नसे. सत्यशीलाबाई त्याला चांगली नोकरी म्हणत.

त्या स्वतः अंगणवाडीत मदतनीस. नवरा बाबाराव जिनिंगमध्ये होते. २००६ साली कापूसच येईना, जिन बंद पडली, आणि बाबाराव घरी बसून प्रत्येक गोष्टीवर मत देऊ लागले.

प्रियंकाला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पहिलटकरणीला आणायला मुऱ्हाळी म्हणून भाऊच जातो. सत्यशीलाबाईंना न्यायला त्यांचा भाऊ ढाणकीहून बैलगाडी घेऊन आला होता. वाटेत नाल्याला पूर होता, तरी आला होता.

त्यांनी बाबारावांच्या मोबाइलवरून लेकाला फोन लावला. "ताईले घेऊन ये. बाजूलेच तर हाय."

भिंतीवर बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर भारताचा नकाशा. छापणाऱ्यानं दोन्ही समुद्रांत कपाशीची बोंडं काढली होती. बेटं त्यांना आडवी येत होती, म्हणून दोन्हीकडची उचलून खाली कोपऱ्यात शेजारी शेजारी मांडली होती. मध्ये बोटभर निळं.

"माय, मधात अख्खा देश हाय," धम्मरत्न म्हणाला. "सव्वादोन हजार किलोमीटर. सरळ इमान असतं तर तीनेक तासात गेलो असतो. पण तसं इमानच नाही. आधी कोची, मंग चेन्नई, मंग पोर्ट ब्लेअर."

"म्हंजे यवतमाळले गाडी बदलतो तसं."

"तसंच समज."

"मंग बदल. तुले कोणी पायी चाल म्हणून राह्यलं का?"

त्यानं रजा काढली. पण अगत्तीचं विमान लहान, वारा सुटला की उडत नाही. वारा सुटला.

तिकडून प्रियंकाचा फोन आला. "माय, आठवा लागला की इमानात बसू देत नाही म्हणते डॉक्टरीण. धम्म्याचा पत्ता नाही, तुह्या जावायाले सुट्टी नाही. मी एकटी निघू का?"

भाऊ असून पोर एकटी यावी, हे सत्यशीलाबाईंच्यानं गिळवत नव्हतं. आणि उशीर झाला तर पोर तिकडंच अडकणार होती.

"एस्टीचा डायवर मधात बदलते," बाबाराव म्हणाले. "मुऱ्हाळी काहून नाही बदलणार?"

त्यांचं हे पहिलंच मत कामाला आलं. प्रियंकाला नागपूरपर्यंत एकटीनं विमानानं यायला सांगून सत्यशीलाबाईंनी लुगडं बदललं. यवतमाळच्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. जीपनं यवतमाळ, एस्टीनं नागपूर, आणि विमानतळाच्या दारात प्रियंका दिसताच त्यांनी आधी तिच्या हातातली पिशवी घेतली. "चाल. मुऱ्हाळी आली." बाबाराव मागून डबा घेऊन चालले.

तिकडं अगत्तीला वारा पडला तसा धम्मरत्न मिळेल त्या विमानात बसला. घरी कळवायचं त्याला सुचलं नाही, आणि त्याला कळवायचं घरच्यांना. प्रियंका घरी येऊन निजून-उठून ताजी झाली, तेव्हा त्याचा फोन आला.

"माय, ताईच्या घराले कुलूप हाय."

"ताई इथं जेवून राह्यली. तू कुठं हायेस?"

"पोर्ट ब्लेअरले."

सत्यशीलाबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "बोटभर जागा, अन् आठवडा लावला." मग म्हणाल्या, "आता गेलाच हायेस तर जावायाले दोन दिवस रांधून घाल. एकटा हाय तो."